रुळांची आठवण कोण लिहिणार?

मराठी नियतकालिकांतून, विशेषतः दिवाळी अंकांतून आणि रविवारच्या पुरवण्यांतून, एक लेखनप्रकार आता चांगला स्थिरावला आहे. बंद पडलेल्या किंवा बंद पडू घातलेल्या छोट्या रेल्वेगाड्यांच्या आठवणींचा हा प्रकार. त्यात एक अरुंद रूळ असतो, रमतगमत जाणारी गाडी असते, खिडकीतून दिसणारी शेते असतात, ओळखीचा गार्ड असतो आणि सुटीत आजोळी निघालेले एक मूल असते. शेवटी ती गाडी बंद पडते, आणि लेखक मोठा होऊन त्या ओसाड स्टेशनावर परत येतो. अलीकडे याला आणखी एक पुरवणी जोडली जाते: या मार्गावर पर्यटकांसाठी गाडी सुरू करावी, नाहीतर निदान चालण्याचा, सायकलींचा रस्ता तरी करावा, म्हणजे ‘वारसा’ टिकेल.

असे लेख मी आवडीने वाचतो. पण ते वाचून झाल्यावर मन अस्वस्थ होते. ही अस्वस्थता केवळ माझ्या स्वभावाचा दोष आहे की त्या लेखनातच काही उणे आहे, याचा शोध घेण्यासाठी हा लेख लिहीत आहे.

प्रथम माझी भूमिका स्पष्ट करतो. मी रत्नागिरीचा. आमच्या जिल्ह्यात बंद पडायला रेल्वेच नव्हती. देशात पहिली प्रवासी गाडी १८५३ मध्ये मुंबईहून ठाण्याला गेली. कोकण रेल्वे संपूर्ण मार्गावर सुरू व्हायला १९९८ साल उजाडले. मधल्या जवळजवळ दीडशे वर्षांत आमची माणसे मुंबईला गेली ती बोटीने, नाहीतर घाट चढून, नाहीतर पुढे एसटीने. बोट बंदरापासून लांब उभी राही. पडावातून तिच्यापर्यंत जायचे, डेकवर पथारी टाकायची आणि रात्र काढायची. पावसाळ्यात तेही बंद. त्या बोटी पुढे कायमच्या थांबल्या. आज त्यांच्याविषयीही हळवे लेखन होते. तेव्हा वाहतुकीचे एखादे साधन बंद पडल्यावर माणसाच्या मनात काय होते, हे मला ठाऊक नाही असे कोणी समजू नये.

पण माझ्या आज्याला बोटीची आठवण विचारली की तो समुद्राविषयी बोलत नसे. तो पाण्याविषयी बोले, पिण्याच्या पाण्याविषयी. एका बंदरावर बोटीची वाट पाहत दिवस गेला आणि घोटभर पाणी वरून ओतून घेण्यासाठी कोणाकोणाची विनवणी करावी लागली, हे तो सांगे. एकाच डेकवर रात्र काढलेल्या दोन माणसांची आठवण दोन प्रकारची असते. साहित्यात त्यांतली कोणती येते, हा खरा समीक्षेचा प्रश्न आहे.

या लेखनप्रकाराचे महाराष्ट्रातले सर्वात लाडके उदाहरण म्हणजे वऱ्हाडातली ‘शकुंतला’. मूर्तिजापूर हे भुसावळ-बडनेरा मार्गावरचे जंक्शन. तिथून अरुंद रुळांचे दोन फाटे निघत. एक कारंजा, दारव्हामार्गे यवतमाळला, तर दुसरा दर्यापूर, अंजनगावमार्गे अचलपूरला. दोन्ही मिळून सुमारे १९० किलोमीटर. किलिक निक्सन या इंग्रजी कंपनीने विसाव्या शतकाच्या आरंभी उभारलेला हा मार्ग माणसांसाठी नव्हताच. तो कापसासाठी होता. वऱ्हाडचा कापूस मुख्य मार्गापर्यंत, तिथून मुंबई बंदरात आणि तिथून मँचेस्टरला, असा त्याचा हिशेब. स्वातंत्र्यानंतर देशातल्या बहुतेक रेल्वे सरकारच्या मालकीच्या झाल्या, पण हा मार्ग मालकीने त्या कंपनीकडेच राहिला. गाडी सरकारने चालवावी आणि कराराप्रमाणे पैसा कंपनीला द्यावा, अशी विचित्र व्यवस्था कित्येक दशके चालू होती. मँचेस्टरमध्ये १९२१ साली घडवलेले वाफेचे इंजिन या रुळांवर १९९४ पर्यंत धावले. त्यानंतर डिझेल आले. २०१६ नंतरच्या काही वर्षांत दोन्ही फाट्यांवरची गाडी थांबली. मार्ग रुंद करण्याच्या घोषणा झाल्या, आणि गाडी परत मिळावी म्हणून त्या भागातल्या लोकांनी आंदोलनेही केली.

काही वर्षांपूर्वी अकोल्याला एका अभ्यासशिबिरासाठी गेलो असताना मी मुद्दाम मूर्तिजापूरला उतरलो. रुळांत गवत माजले होते. तिथे एक वृद्ध गृहस्थ भेटले. उभी हयात त्यांनी या लाईनवर गँगमन म्हणून काढली होती. मी त्यांना, वाचलेल्या लेखांच्या धुंदीतच, गाडीच्या आठवणी विचारल्या. ते म्हणाले, “गाडीचं काय पुसता? मले रुळाचं पुसा.” मग ते रुळाचे सांगू लागले. उन्हाळ्यात रूळ तापून फुगतो, तेव्हा सांधे कसे पाहायचे. पावसाळ्यात काळी माती खालून सरकते, तेव्हा खडी कशी ठोकून बसवायची. हातोडा आणि पाना घेऊन रोज सकाळी किती मैल जायचे आणि दुपारी परत यायचे. कोणत्या मोरीखाली सावली मिळते हेही त्यांनी सांगितले. गाडीत बसल्याच्या आठवणी त्यांच्याजवळ दोनच होत्या. एक स्वतःच्या लग्नाची, दुसरी बाबासाहेबांच्या निर्वाणानंतर नागपूरला गेल्याची.

हे बोलणे ऐकताना मला त्या लेखनप्रकारातले उणे सापडले. ते सारे लेखन खिडकीतून केलेले आहे. खिडकीतून शेत दिसते, झाड दिसते, स्टेशनावरचा चहावाला दिसतो. रूळ मात्र खिडकीतून दिसत नाही. तो गाडीच्या खाली असतो. आणि रूळ सांभाळणारा माणूस गाडी येताच बाजूला सरून उभा राहतो. लेखकाच्या डोळ्यांसमोरून तो क्षणात मागे जातो. मराठी मध्यमवर्गाच्या मनात आगगाडी म्हणजे सुटी आणि आजोळ, हे समीकरण बालगीतांपासून पक्के झाले आहे. त्यात कोणाचा दुष्टावा नाही. पण एका वर्गाचा अनुभव साऱ्या समाजाची आठवण म्हणून मिरवू लागला की समीक्षेला बोलणे भाग पडते.

कोणी म्हणेल, गँगमन हा गरीब कामगार. त्यात जातीचा प्रश्न कुठे आला? याचे उत्तर बाबासाहेबांनी फार पूर्वी देऊन ठेवले आहे. १२ व १३ फेब्रुवारी १९३८ रोजी मनमाडला जी. आय. पी. रेल्वेतील अस्पृश्य कामगारांची परिषद भरली. ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू होत, हे त्यांचे विधान आपण सभासंमेलनांतून नेहमी ऐकतो. पण त्याच भाषणात रेल्वेच्या नोकरीचे जे बारकाईने विश्लेषण आहे, त्याकडे आपलेही लक्ष क्वचितच जाते. अस्पृश्य माणूस रेल्वेत शिरतो तो गँगमन म्हणून आणि आयुष्यभर गँगमनच राहतो, असे त्यांनी दाखवून दिले. त्याला साधे पोर्टरही होता येत नाही. कारण काय? तर स्टेशनमास्तर पोर्टरला घरकामाला लावतो, आणि अस्पृश्याला घरात कसे घेणार? म्हणजे हमालीच्या जागेलासुद्धा जातीचे दार होते. रूळ आमचा, स्टेशन त्यांचे, अशी ही विभागणी होती. गावगाड्यात महारवाडा वेशीबाहेर, तर रेल्वेत तो फलाटाबाहेर.

आणि त्या रुळांवरून जाणाऱ्या वाघिणींत काय होते? कापूस. तो वेचणाऱ्या हातांत आमच्या बायाबापड्यांचे हात होते. वऱ्हाडचा कापूस मुंबईच्या बाजारात येई. तिथून तो परदेशी जाई, आणि मुंबईच्या गिरण्यांनाही पुरे. त्या गिरण्यांत रत्नागिरी जिल्ह्यातून गेलेली आमची माणसे होती. पण चांगल्या पगाराचे विणकाम खाते त्यांना बंद होते. धोट्यातून धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे, आणि अस्पृश्याची थुंकी लागलेला धागा स्पृश्य कामगार तोंडात कसा घेईल, हे त्याचे कारण. १९२८ च्या गिरणी संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांसमोर ठेवला होता. शेतात वेचलेला कापूस आमच्या हाताने बाटत नव्हता, वाघिणीतून जाताना बाटत नव्हता. मागावर चढताना मात्र बाटत होता! वऱ्हाडातला गँगमन आणि रत्नागिरीचा गिरणीकामगार एकमेकांना ओळखत नव्हते. पण एकाच कापसाच्या दोन टोकांना ते उभे होते. शकुंतलेच्या आठवणी लिहिणाऱ्यांनी हा धागा एकदा तरी हातात घ्यावा.

मग दलित साहित्यात रेल्वेची आठवण कशी येते? यासाठी मी एकच संहिता पुढे ठेवतो. बाबासाहेबांचे ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ हे छोटे आत्मकथन त्यांच्या हयातीनंतर बऱ्याच वर्षांनी, १९९० मध्ये, पुस्तिकारूपाने प्रसिद्ध झाले. १९०१ मध्ये लहान भीमराव आपल्या भावाबरोबर आणि बहिणीच्या मुलांबरोबर साताऱ्याहून वडिलांकडे निघतो. नवे कपडे, नव्या टोप्या, पहिलाच आगगाडीचा प्रवास. सुटीतल्या प्रवासाच्या गोष्टीला लागणारे सारे साहित्य इथे हजर आहे. गाडीत काहीच वाईट घडत नाही. मुले आनंदात आहेत. ती मसूर स्टेशनावर उतरतात. न्यायला कोणी आलेले नाही. स्टेशनमास्तर आपुलकीने चौकशी करतो, आणि ‘महार’ हा शब्द कानी पडताच मागे सरतो. मग दुप्पट भाडे देऊन गाडी ठरते, तीही मुलांनी स्वतः हाकायची आणि गाडीवानाने बाजूने चालायचे, या अटीवर. पुढे रात्रभर पाण्यासाठी तडफड.

या प्रसंगाची रचना नीट पाहण्यासारखी आहे. आठवणींच्या लेखांत गाडी थांबते तिथे दुःख सुरू होते, कारण गाडी बंद पडलेली असते. इथेही गाडी थांबते तिथेच दुःख सुरू होते. पण गाडी नीट चालू असताना. तिकीट असलेला प्रवासी फलाटावर उतरताच पुन्हा जातीत उतरतो. याच लेखनात १९२९ मधला चाळीसगावचा प्रसंग आहे. तेव्हा बाबासाहेब बॅरिस्टर झालेले होते. तरी स्टेशनाबाहेरचे टांगेवाले अस्पृश्याचा टांगा हाकायला तयार नव्हते. म्हणून वस्तीतल्या एका अननुभवी माणसाने टांगा हाकला आणि वाटेत अपघात होऊन बाबासाहेबांना दुखापत झाली. अठ्ठावीस वर्षांत रेल्वे वाढली, फाटे वाढले, स्टेशने वाढली. स्टेशनाबाहेरचा रस्ता मात्र मसूरचाच राहिला.

म्हणून रेल्वे आमची शत्रू होती काय? मुळीच नाही. इथे आपल्या काही तरुण मित्रांशी माझा मतभेद आहे. या विषयावर एका महाविद्यालयात बोलत असताना एक कार्यकर्ता म्हणाला, “सर, बंद गाड्यांच्या आठवणी काढणे हे पोट भरलेल्यांचे चोचले आहेत. आपल्याला त्याच्याशी काय करायचे?” त्याचा संताप मला समजतो, पण निष्कर्ष चुकीचा आहे. तिकिटावर जात छापलेली नसते. गर्दीच्या डब्यात कोणी कितीही अंग चोरले तरी विटाळ पाळता येत नाही. गावगाड्यातून बाहेर पडायला आमच्या माणसाला जे थोडे रस्ते मिळाले, त्यांत लष्कर, गिरणी आणि रेल्वे हे मोठे होते. शकुंतलेचे भाडे बसच्या मानाने फार थोडे होते. ती थांबली तेव्हा आजोळी जाणाऱ्याची सुटी हुकली असेल, पण बाजाराला भाजी नेणाऱ्या बाईची, मजुरीला जाणाऱ्या माणसाची रोजची वाटच तुटली. तेव्हा बंद पडलेल्या फाट्याचे दुःख आमचे नाही असे नाही. ते सर्वात आधी आमचे आहे. फक्त ते अजून लिहिले गेलेले नाही.

आणि इथे आपल्या साहित्यालाही दोन शब्द ऐकवले पाहिजेत. आमच्या आत्मकथनांनी गावकुसाबाहेरचे जग मराठीत आणले. अण्णा भाऊ साठ्यांनी लहानपणी वाटेगावहून वडिलांबरोबर पायी मुंबई गाठली, हे आपण अभिमानाने सांगतो. रूळ होते, गाडी होती, पण भाड्याला पैसे नव्हते, हा त्या पायपिटीचा अर्थ. उर्मिला पवारांच्या ‘आयदान’ (२००३) मध्ये डोक्यावर ओझे घेऊन रत्नागिरीच्या बाजाराला पायी जाणाऱ्या बाया आहेत. आमच्या जिल्ह्यातली ही वाट मराठी साहित्यात पहिल्यांदा त्यांच्या पायांनी आली. परंतु गँगमनचे, खलाशाचे, पॉइंट्समनचे अनुभवविश्व आम्हीही फारसे हाताळलेले नाही. त्या वृद्ध गँगमनला मी गाडीबद्दल विचारले, हा माझाच दोष होता. प्रस्थापितांच्या आठवणींचा साचा माझ्याही डोक्यात बसलेला होता. नकार देणे सोपे आहे. त्या जागी आपले लेखन उभे करणे हे खरे काम आहे.

आता पर्यटनाच्या सूचनेकडे येतो. बंद रेल्वेमार्गांचा फिरण्यासाठी उपयोग ही काही नवी कल्पना नाही. स्पेनमध्ये १९९३ पासून अशा मार्गांचे ‘हरित मार्ग’ करण्यात आले. तिथे माणसे चालतात, सायकली चालवतात. अमेरिकेत १९८३ मध्ये कायद्यातच अशी तरतूद झाली की बंद मार्गाची जमीन तुकडे होऊन विकली जाऊ नये. ती अखंड राखावी, तूर्त तिच्यावर लोकांनी चालावे, आणि पुढे गरज पडली तर तिथे पुन्हा रेल्वे आणता यावी. आपल्याकडे बोरघाटात, खंडाळ्याजवळ, गाडीची दिशा उलटवण्याचे जुने स्थानक १९२९ मध्ये नवा मार्ग झाल्यावर बंद पडले. त्या परिसरात पावसाळ्यात हौशी गिर्यारोहकांची गर्दी असते. १८६३ मध्ये खुल्या झालेल्या त्या घाटाचे काम ऐन भरात असताना चाळीस हजारांहून अधिक माणसे तिथे राबत होती. रोगराईने आणि अपघातांनी हजारो मेली. सॉलोमन ट्रेडवेल हा कंत्राटदार मेला आणि त्याच्या बायकोने, अ‍ॅलिस ट्रेडवेलने, काम पुरे करून घेतले, हे इतिहासात नावानिशी नोंदलेले आहे. तिचे कौतुक जरूर व्हावे. पण त्या हजारोंपैकी एकाचे तरी नाव तिथे धबधबा पाहायला जाणाऱ्याला ठाऊक आहे काय?

तरीही मी या कल्पनेला विरोध करत नाही. चालणे हे आमच्या पिढ्यांसाठी ओझे होते. आमच्या मुलांसाठी ते सुख व्हावे, यात गैर काय? करमणूक हा वरच्या वर्गाचा मक्ता नाही. १९२३ मध्ये सीताराम केशव बोले यांनी मुंबई कायदेमंडळात मंजूर करून घेतलेला ठराव सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा साऱ्यांना खुल्या करण्याचा होता. त्याच ठरावाच्या आधारे १९२७ मध्ये महाडचे चवदार तळे आपण गाठले. जे सार्वजनिक, ते सर्वांचे, हे त्या लढ्याचे सूत्र. सार्वजनिक पैशाने एखाद्या जुन्या रेल्वेमार्गावर फिरण्याची वाट होणार असेल तर तीही त्याच सूत्रात बसते.

पण म्हणूनच काही प्रश्न विचारावे लागतात. लोक रोजची गाडी मागत असताना पर्यटकांची गाडी पुढे करणे म्हणजे भाकरी मागणाऱ्याला भाकरीचे चित्र देणे नव्हे काय? अमेरिकी कायद्यातला जो भाग आपण उचलायचा, तो ‘लोकांनी तूर्त चालावे’ एवढाच की ‘रेल्वे परत आणता यावी’ हाही? तिकीट लावून, कुंपण घालून वाट बांधली तर रुळालगतच्या वस्त्यांनी फिरायचे कुठून? आणि त्या वाटेवर जो फलक लागेल, त्यावर कंपनीचे नाव, इंजिनाचा कारखाना आणि साल यांच्याबरोबर गँगमनची नावे असतील काय? रेल्वेच्या दप्तरांत, पगाराच्या पत्रकांत ती नावे कधीतरी लिहिली गेली असणारच. ती शोधणे हे काम विद्यार्थ्यांनी हाती घेतले तर कोणत्याही आठवणवजा लेखापेक्षा ते मोलाचे ठरेल. मूर्तिजापूर, दारव्हा, दर्यापूर, अचलपूर या गावांतल्या वस्त्यांत ही माणसे किंवा त्यांची मुले आजही भेटतील. वही घेऊन जावे. गाडीचे विचारू नये, रुळाचे विचारावे. आणखी दहा वर्षांनी विचारायला कोणी उरणार नाही.

हे होऊ शकते, याचा थोडासा पुरावा माझ्याच गावात आहे. कोकण रेल्वेच्या बांधणीत बोगद्यांत, पुलांवर, दरडींखाली सत्तराहून अधिक कामगार दगावले. त्यांच्यासाठी रत्नागिरीत श्रमशक्ती स्मारक उभे आहे. दरवर्षी तिथे फुले वाहिली जातात. मंत्र्यांचे, अभियंत्यांचे स्मारक सगळीकडे होते. मजुराच्या मरणाची आठवण रेल्वेने ठेवावी, ही गोष्ट लहान नाही. मी तिथे जातो तेव्हा मला मूर्तिजापूरचे ते गृहस्थ आठवतात. मात्र एक गोष्ट खटकते. स्मारकासाठी मजुराला मरावे लागते. जो मेला नाही, तीस-पस्तीस वर्षे रोज रुळावरून चालत राहिला आणि ज्याच्यामुळे कोणीच मेले नाही, त्याचे स्मारक कुठे असते?

ते साहित्यात असायला हवे होते. ते नाही, म्हणून बंद पडलेल्या फाट्यांवरचे आजचे लेखन मला अपुरे वाटते. ते खोटे आहे असे मी म्हणत नाही. ते अर्धे आहे, आणि अर्धे असून पुरे असल्याचा आव आणते. उरलेले अर्धे लिहिण्याची जबाबदारी आता आपली आहे.